चौदा तासांचा हिशोब

भांडी झाली असतील, शेळ्यांना पाला टाकून झाला असेल, तर थोडा वेळ रेडिओजवळ बसा. मागच्या वेळी मी गटाच्या दप्तराबद्दल बोलले होते. बैठकीची वही कशी लिहायची, कर्जखातं कसं जुळवायचं. आजचा विषयही हिशोबाचाच आहे, पण पैशाचा नाही. अभ्यासाच्या तासांचा.

आपल्या गटात कर्जाच्या अर्जावर कारण लिहायची जागा असते ना, तिथे पूर्वी काय यायचं? बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, लग्न. गेल्या चार-पाच वर्षांत एक नवं कारण यायला लागलंय, 'मुलीची नीट'. काही जणी 'मुलीचं नीट' असं लिहितात. मला वाचताना वाटतं, चुकलेलं नाही. मुलीचं नीट व्हावं म्हणूनच चाललंय सगळं.

आणि अर्जावर चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला. "पोरगी किती तास बसते?" बारा तास म्हटलं की माना हलतात. चौदा म्हटलं की कर्ज मंजूर. असं एक कर्ज मंजूर करा म्हणून मी स्वतः बैठकीत बोलले होते. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतेय. नाव घेणार नाही. गावात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते.

त्याआधी ही परीक्षा काय असते ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ जणी कर्ज काढतात, दागिना मोडतात, पण पोरगी नेमकी कशाला बसलीय ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एमबीबीएस असो, दाताचा डॉक्टर असो, आयुर्वेद असो की होमिओपॅथी, सगळ्याला ही एकच परीक्षा. एनटीए नावाची केंद्र सरकारची संस्था ती घेते. एकूण ७२० गुण. आता १८० प्रश्न असतात, जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच उत्तराचा गोल काळा करायचा. बरोबर उत्तराला चार गुण. सोडलेल्या प्रश्नाला शून्य. आणि चुकलेल्या उत्तराला हातातला एक गुण कापून घेतात. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गर्दी बघा. २०२५ साली देशभरातून बावीस लाखांवर मुलंमुली या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी कॉलेजच्या, म्हणजे आपल्याला फी परवडेल अशा, साधारण निम्म्या. या बावीस लाखांतल्या प्रत्येकाने चौदा तास अभ्यास केला असता तरी जागा तेवढ्याच राहिल्या असत्या. त्यामुळे 'इतके तास बस, नंबर लागणारच' असं कुणी सांगत असेल, मग तो क्लासवाला असो, पाहुणा असो नाहीतर माझ्यासारखी बाई असो, तर ते सुरुवातीलाच खोटं आहे.

मी मात्र हेच सांगितलं होतं. अक्कांची मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, अकरावीला सायन्स. हुशार मुलगी. बारावीबरोबर २०२३ साली पहिल्यांदा नीट दिली, तेव्हा २९८ गुण आले. शिक्षक म्हणाले, एक वर्ष रिपीट करू द्या, लातूरला पाठवा. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या भागात लातूर म्हटलं की पुढे काही बोलायची गरज पडत नाही. क्लासची फी, खोलीभाडं, मेस. अक्कांनी गळ्यातली एकदाणी गहाण ठेवली, दुभती गाय विकली, आणि चाळीस हजार गटाकडून मागितले. गटात दोघी-तिघी कुरकुरल्या. मी म्हणाले, "अहो, पोरगी घरी असताना दहा तास बसते, तिकडे चौदा तास बसेल. का नाही होणार?" ठराव झाला. सह्या-अंगठे झाले.

पोरगी खरंच चौदा तास बसली. यात तिची काहीच खोट नाही. सकाळी सहाला उठायची, सहा तास क्लास, मग खोलीवर रात्री एक-दीडपर्यंत. अक्का रोज रात्री फोन करायच्या आणि एकच विचारायच्या, "आज किती झाले?" ती सांगायची, "तेरा." मग अक्का म्हणायच्या, "कालच्यापेक्षा एक कमी का?" दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, "आई, मला घरी यायचंय." अक्का म्हणाल्या, "आता थोडेच महिने राहिलेत, काढ." हे अक्कांनी मला नंतर सांगितलं, ओट्याजवळ पाठमोरं उभं राहून सांगितलं. या विषयाकडे मी परत येणार आहे.

२०२४ चा निकाल लागला. ३२७. आधीच्यापेक्षा २९ गुण जास्त. घरात कुणाला कळेना हसावं की रडावं. मीच म्हटलं, वाढले तर आहेत. पण तसं नव्हतं. त्या वर्षी सगळ्यांचेच गुण वाढले होते. खुल्या गटाला नुसतं पात्र ठरायला २०२३ साली १३७ गुण लागत होते, २०२४ साली ते १६२ वर गेले. म्हणजे हिचे गुण पुढे सरकले, पण रांग त्याहून जास्त पुढे सरकली आणि हिचा नंबर आधीच्यापेक्षा मागे पडला. त्या वर्षी पेपरफुटीचं प्रकरणही गाजलं, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, त्यामुळे गावात जो तो म्हणत होता, "सगळा घोटाळाच आहे, आपल्या पोरीचा काय दोष." असं म्हटलं की बरं वाटतं. पण ३२७ का आले याचं उत्तर त्यात नव्हतं.

गटाचे पैसे अडकलेले, शब्द माझा गेलेला. म्हणून एका रविवारी मी अक्कांकडे गेले आणि पोरीला म्हटलं, तुझे कागद दाखव. मी बीए झालेली बाई, मला त्यातलं फिजिक्स काय कळणार! पण गटाची वही बघायची सवय आहे. आकडे कुठे गळतात ते शोधता येतं.

आधी तिने वह्या दाखवल्या. इतक्या सुंदर वह्या मी पाहिल्या नव्हत्या. तीन रंगांचे पेन, चौकटी, आकृत्या. पुस्तकात पानापानावर पिवळे पट्टे ओढलेले. जीवशास्त्राचं एनसीईआरटीचं पुस्तक सात वेळा वाचून झालं होतं. सात वेळा! मग मी म्हटलं, आता परीक्षेतलं दाखव. परीक्षेनंतर आपली उत्तरपत्रिका आणि बरोबर उत्तरांची यादी संकेतस्थळावर बघायला मिळते, ती तिने काढून ठेवली होती. आम्ही दोघी मोजायला बसलो. तिने सोडवले होते १७८ प्रश्न. बरोबर १०१. चूक ७७. एकशेएक गुणिले चार, ४०४. त्यातून ७७ वजा, ३२७. हिशोब जुळला.

मी म्हटलं, हे ७७ कोणते? प्रत्येकासमोर खूण कर. येतच नव्हतं त्याला एक खूण, घाईत वाचलं त्याला एक, आकडेमोड चुकली त्याला एक. ती करत गेली. पण निम्म्याहून जास्त प्रश्नांसमोर ती कुठलीच खूण करेना. थांबायची आणि म्हणायची, "मावशी, हे तर मला येत होतं."

मैत्रिणींनो, चौदा तास कुठे गेले ते मला तिथे कळलं. तिला ते येत नव्हतं, ते तिच्या ओळखीचं होतं. सात वेळा डोळ्यांखालून गेलेलं पान ओळखीचं वाटणारच. बाजारात एखादी बाई दिसते, चेहरा शंभर वेळा पाहिलेला असतो, पण नाव काय, गाव कोणतं विचारलं तर तोंडातून शब्द निघत नाही. तसं. आणि या परीक्षेतले चार पर्याय असे तयार केलेले असतात की अर्धवट ओळख असलेला नेमका चुकीच्या दाराने आत जातो. ज्याला काहीच येत नाही तो निदान प्रश्न सोडून देतो. जिला येतंय असं वाटतं ती ठामपणे चुकीचा गोल काळा करते.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक नावाचे दोन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २००६ साली एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, वाचायच्या चारही वेळांत मिळून सरासरी चौदा वेळा वाचून काढला. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या वेळी वाचला, तीन-साडेतीन वेळा, आणि उरलेल्या तीन वेळा उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं, तेव्हा वाचणाऱ्यांना शंभरातलं चाळीस आठवलं आणि न बघता लिहिणाऱ्यांना एकसष्ट. गंमत म्हणजे, तुला किती लक्षात राहील असं आधी विचारलं तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता.

हे ऐकून पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, क्लासमध्ये दर आठवड्याला टेस्ट व्हायची." मी म्हटलं, मग? टेस्ट झाली की गुणांची यादी भिंतीवर लागायची, ज्यांचे कमी त्यांना ओरडा बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवा धडा. चुकलेले प्रश्न परत बघायला कुणाला वेळ नव्हता. चौदा तास भरायचे होते ना! आता लातूरचं म्हणून जे नाव झालं ते मुळात परीक्षेचा पुन्हा पुन्हा सराव आणि चुका काढणं यावरच झालं, असं तिथे शिकलेले जुने लोक सांगतात. पण गर्दीत हजारातल्या एका पोरीची चूक कोण बघत बसणार? फी सगळ्यांची सारखीच येते.

दुसरी गोष्ट झोपेची. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. ही वर्षभर रात्री दीडला झोपून सहाला उठायची, आणि दुपारी दोनच्या सुमाराला पुस्तकावर डोकं टेकवायची. तिचं शरीर वर्षभर नेमकं परीक्षेच्या वेळेला झोपायला शिकलं होतं. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप सांगितली आहे. त्यापुढच्या वयाला निदान सात. दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. आपण मात्र पोरगी लवकर झोपली की म्हणतो, हिला जबाबदारीच नाही.

आता 'मला घरी यायचंय' याबद्दल. राजस्थानातलं कोटा शहर तुम्ही ऐकलं असेल, तिथेही देशभरातून मुलं याच अभ्यासाला जातात. २०२३ या एका वर्षात तिथे वीसहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. मी घाबरवायला सांगत नाही. पण मुलगी फोनवर कमी बोलायला लागली, जेवण सुटलं, 'माझ्याने होत नाही' असं दोनदा म्हणाली, तर तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघू नका. एसटी पकडा आणि जा. सरकारची टेलिमानस नावाची मोफत फोन सेवा आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं, चोवीस तास. वहीच्या मागे लिहून ठेवा, एक चार चार एक सहा. अक्कांची पोरगी बचावली ती नशिबानं, आमच्या शहाणपणानं नाही. तिने नंतर सांगितलं, "आईने 'किती झाले' ऐवजी 'काय झालं' विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं."

अक्कांना मी दोष देत नाही. त्या चौथी शिकलेल्या. त्यांना पुस्तक वाचता येत नाही, पण घड्याळ बघता येतं. आईला जे मोजता येतं ते ती मोजते. मीही तेच मोजलं, आणि मी तर पदवीधर.

तर मग त्या वर्षी काय करायचं? तिला आणखी एकदा परीक्षा द्यायची होती. या परीक्षेला वरच्या वयाची अट नाही, कितीदा द्यायची याचीही मर्यादा नाही. हे चांगलंही आहे आणि वाईटही, कारण घरात कुणी 'बस झालं' म्हणायला तयार होत नाही. आम्ही गटात बसून ठरवलं की नवं कर्ज नाही, पण जुन्या कर्जाला मुदत वाढवून देऊ. पोरगी घरी राहील. बीएस्सीला नाव घालेल. आणि ही शेवटची वेळ. हे 'शेवटची वेळ' तिनेच म्हटलं, आम्ही नाही.

त्या वर्षी ती साधारण आठ तास अभ्यास करायची, कधी सात. रात्री साडेदहाला दिवा बंद. यूट्यूबवर तासन् तास शिकवण्या बघणं कमी केलं. पान वाचलं की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. पहिले पंधरा दिवस ती रडकुंडीला आली, कारण कागद कोराच राहायचा. तिला वाटलं आपण मागे चाललो. उलट होतं, पण ते कळायला महिना गेला.

चुकांची एक वही केली. ती मी गटाच्या थकबाकीच्या वहीसारखी आखून दिली, तेवढंच माझं योगदान. तारीख, प्रश्न, का चुकला, आणि परत कधी सोडवला. आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा. जमला तर बरोबरची खूण, नाही तर थकबाकी पुढे. मागच्या वर्षांचे पेपर एनटीएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, एनसीईआरटीची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. सेतू केंद्रातून छापून आणायचे तेवढेच पैसे. दर रविवारी दोन ते पाच घरात पेपर. त्या तीन तासांत अक्का उंबऱ्यात बसायच्या आणि आलेल्या-गेलेल्याला बाहेरूनच वाटेला लावायच्या. चहा नाही, मोबाइल नाही, पाण्याची बाटली तेवढी.

आणि रोज संध्याकाळी भाकरी थापताना अक्का म्हणायच्या, "सांग आज काय शिकलीस." त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगी कुठे अडखळते ते कळायचं की! गटात एखादी बाई हप्ता का थकला ते सांगताना कुठे अडखळते ते आपल्याला कळतं, तसंच. एकदा ती मूत्रपिंडाचं सांगत होती, पाणी कसं गाळलं जातं वगैरे. अक्का म्हणाल्या, "मग तुझ्या आजीचे पाय का सुजायचे?" पोरगी थांबली. उत्तर येईना. तवा उतरायच्या आत पुस्तक काढून बसली. तो धडा ती पुन्हा विसरणार नाही, असं मला वाटतं.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझं बोलणं कुणीतरी वेगळंच घेऊन जाईल. तास कमी चालतात असं ऐकून पोरीला परत धुणंभांड्याला लावू नका! आठ तास अभ्यास म्हणजे आठ तास, अधूनमधून उठून पाणी भरणं, भावाला वाढणं, पाहुण्यांना चहा करणं धरून नव्हे. माझ्याकडच्याच दुसऱ्या एका गटातली मुलगी मला माहीत आहे. तिला दिवसाला मोजून तीन तास मिळत होते, तेही अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे, आणि तिचा भाऊ मात्र अभ्यासिकेत. त्या मुलीला मी कोणती पद्धत सांगू? तिला आधी तास हवेत. कष्टाशिवाय ही परीक्षा होत नाही, आणि कमी वेळेत होते असंही नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की तास म्हणजे बी-बियाणं. पेरलं किती एवढंच सांगून कुणी बाजार समितीत पट्टी घेत नाही.

२०२५ चा पेपर आला तो अवघड. भौतिकशास्त्राने तर भल्याभल्यांना रडवलं. आदल्या वर्षी सतरा जणांना पैकीच्या पैकी ७२० होते, या वर्षी देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६. म्हणजे बघा, तेवढाच अभ्यास, पण पेपर बदलला की गुण बदलतात. हेही कुणाच्या तासांच्या हातात नाही.

अक्कांच्या पोरीला ३९१ आले. मी परत मोजायला बसले. सोडवलेले प्रश्न १३९. बरोबर १०६. चूक ३३. आदल्या वर्षीच्या मानाने बरोबर उत्तरं फक्त पाचने वाढली, पण चुका ७७ वरून ३३ वर आल्या. आणि अवघड पेपरात ३९१ म्हणजे या वेळी नंबर खरोखर पुढे गेला. हे सगळं पद्धतीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. तिसरं वर्ष होतं, पोरगी मोठी झाली होती, घरचं जेवण होतं. काय किती उपयोगी पडलं ते वेगळं काढता येत नाही.

एमबीबीएस मिळालं नाही. तेवढे गुण नव्हते. आयुर्वेदाला नंबर लागला, तोही शेवटच्या फेऱ्यांपर्यंत वाट बघून. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी पोरगी खूप रडली, कारण तिच्या डोक्यात पांढरा कोट म्हणजे एमबीबीएसच होता. अक्का मात्र शेजारणीला सांगत होत्या, "डॉक्टरच ती, औषधं वेगळी." आता ती कॉलेजला आहे. संस्कृतचे श्लोक पाठ करावे लागतात म्हणून वैतागलेली असते. एकदाणी अजून सोडवलेली नाही. गटाच्या कर्जाचे सहा हप्ते राहिलेत, एकही चुकलेला नाही.

एवढ्यावरून आमच्या गटांनी अर्जाचा कागद थोडा बदलला. 'किती तास बसते' हे आम्ही विचारत नाही. मुलीला स्वतःला बैठकीला बोलावतो. मागच्या परीक्षेत किती बरोबर, किती चूक आणि चुकलेल्यांचं तिने काय केलं ते ती सांगते. नंबर लागला नाही तर दुसरं काय, तेही तिच्याच तोंडून ऐकतो, नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी, काय असेल ते. क्लासची फी अर्ध्यातून सोडलं तर परत मिळते का, ते लिहून घेतल्याशिवाय चेक देत नाही. काही जणींना हे जाचक वाटतं. एक जण म्हणाली, "पुरुषांच्या कर्जाला कुणी एवढं विचारतं का?" तिचं म्हणणंही खोटं नाही. पण कर्ज फेडताना कंबर आपलीच मोडते, म्हणून आपणच विचारायचं.

येत्या मंगळवारी आमच्याकडे अशा एका अर्जावर बैठक आहे. परवा ती बाई रस्त्यात भेटली. मला म्हणाली, "ताई, मंजूर करा हो, पोरगी सोळा तास बसते." मी तिला म्हटलंय, मंगळवारी पोरीला घेऊन ये, आणि तिच्या शेवटच्या तीन टेस्टचे कागद घेऊन ये. आणि सोमवारी रात्री तिला वेळेवर झोपव.

बरं, दुपार कलली, माझीही एसटी आहे. नमस्कार.